नवऱ्याच्या नावावरचा प्रवास

परदेशातल्या जोडीदाराकडे राहायला जायचं तर कोणता व्हिसा काढावा, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या घरांतला मानला जातो. बीडसारख्या दुष्काळी, शेतीवर आणि ऊसतोडीवर जगणाऱ्या जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. पण राज्याची सीमा ओलांडून जोडीदाराच्या घरी नांदायला जाणं ही गोष्ट बीडला नवी नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि त्याची पश्चिम कड हीच त्या राज्याची कड होती. आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणाऱ्या सीना नदीपलीकडे नगर जिल्हा, म्हणजे मुंबई इलाख्यातला ब्रिटिश मुलूख सुरू व्हायचा. अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजी अंमल. दोन्हीकडचे सोयरे मात्र एकच, भाषा एकच, देवदैवतं एकच. त्यामुळे आष्टी-पाटोद्याची लेक जामखेड-नगरकडे आणि तिकडची लेक इकडे देणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता. या जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासातून मला एकच गोष्ट मांडायची आहे. बाईने कुठे राहायचं, कुठे कमवायचं आणि कुठली म्हणवून घ्यायचं, हे प्रत्येक राजवटीने तिच्या नवऱ्याच्या नावावरून ठरवलं. राजवटी बदलल्या आणि कागद वाढले, तरी ही चौकट पुरती मोडलेली नाही. आजचा जोडीदार-व्हिसा समजून घ्यायचा तर तो या चौकटीत ठेवूनच पाहावा लागतो.

निजामाच्या राज्याची सीमा नुसती नकाशावर नव्हती. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. माल आणला-नेला की करोडगिरीच्या नाक्यावर जकात. टपाल वेगळं, न्यायालयं वेगळी आणि सरकारदरबारची भाषा उर्दू. वऱ्हाडाला मात्र परवाना लागत नव्हता. नवरी बैलगाडीत बसून सीना ओलांडायची आणि कुठल्याही दप्तरात तिच्या नावाची नोंद न होता एका राज्याची प्रजा दुसऱ्या राज्यात नांदू लागायची. कायद्याने तिची दखल घेतली ती वेगळ्याच कारणाने. हैदराबादेत बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांविरुद्ध स्थानिकांची तक्रार जुनी होती. ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा तिथला कायमचा वाद. १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोण याची व्याख्या पक्की झाली, कारण राज्यातल्या सरकारी नोकऱ्या मुल्कींसाठी होत्या. या व्याख्येत माणूस मुल्की ठरण्याचे मार्ग दिले होते: जन्माने राज्याचा कायम रहिवासी असणं, दीर्घ वास्तव्य, वडिलांची पंधरा वर्षांची सरकारी नोकरी. आणि शेवटचं कलम बायकांसाठी होतं. मुल्की पुरुषाची पत्नी ती मुल्की. म्हणजे नगरची मुलगी आष्टीत आली की लग्नाच्या बळावर ती हैदराबादची ठरत होती. मुल्की बाईचा नवरा मात्र त्या व्याख्येत कुठेच नव्हता. नातं एकच, पण त्याचा कायदेशीर लाभ एकाच दिशेने वाहत होता.

ही निजामाचीच खासियत होती असं समजण्याचं कारण नाही. सीनेपलीकडच्या ब्रिटिश मुलखात १९१४ चा राष्ट्रीयत्व कायदा लागू होता आणि त्याचं तत्त्व हेच होतं. ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजा, परक्याची बायको ती परकी. या कायद्याची उजळ बाजू मराठी समाजाने जवळून पाहिली आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० साली एडिथ कोहन या जर्मन ज्यू विदुषीशी लग्न केलं. त्या पुढे शीलवती केतकर म्हणून पुण्यात नांदल्या. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जर्मनी कालपर्यंतचं शत्रुराष्ट्र. तरीही केतकर ब्रिटिश प्रजाजन असल्यामुळे त्यांची पत्नी कायद्याच्या लेखी आपोआप ब्रिटिश प्रजा होत होती. पुण्यातल्या कर्मठांनी या लग्नाला नाकं मुरडली असतील, कायद्याला मात्र त्यात अडचण नव्हती. काळी बाजू अमेरिकेत दिसली. फेब्रुवारी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला अपात्र असल्याचा निकाल दिला. आदल्याच वर्षीच्या केबल कायद्यानुसार अशा अपात्र पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचंच नागरिकत्व गमावत होती. आपल्याच जन्मभूमीत ती परकी ठरायची. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली. पुण्यातल्या जर्मन पत्नीचा लाभ आणि अमेरिकेतल्या पत्नीचं नुकसान ही एकाच नियमाची दोन फळं होती. बायकोचं राष्ट्र म्हणजे नवऱ्याचं राष्ट्र.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुनी पद्धत निदान सोपी तरी होती. ना मुलाखत, ना बँकेचे कागद, ना भाषेची परीक्षा. लग्न झालं की घर मिळालं. आजच्या व्हिसाच्या जंजाळापेक्षा मोगलाईची उघडी सीमा काय वाईट होती? पण हा सोपेपणा कुठून आला ते पाहायला हवं. राज्याला त्या बाईवर विश्वास होता म्हणून तो आला नव्हता. राज्याने तिला स्वतंत्र माणूस म्हणून मोजलंच नव्हतं, म्हणून आला होता. जी मोजली जात नाही तिला कागद विचारायची गरज पडत नाही. लग्न टिकलं तोवर ही व्यवस्था गोड वाटायची. नवरा वारला किंवा त्याने टाकलं की या व्यवस्थेचा खरा भाव कळायचा. १९१४ च्या कायद्यात परक्याशी लग्न करून परकी झालेली स्त्री विधवा झाली तरी परकीच राहत होती, मूळचं राष्ट्रीयत्व तिला नव्याने मागून घ्यावं लागायचं. जाताना दार आपोआप उघडायचं, परतताना मात्र अर्ज. म्हणून त्या काळच्या मोकळेपणाची हळहळ वाटली तरी त्याला हक्क म्हणता येणार नाही.

१९४७-४८ मध्ये हा मोकळेपणा संपला. स्वतंत्र भारत आणि निजामाचं राज्य यांच्यामधली बीडची सीमा एकाएकी तणावाची झाली. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या दहशतीत सरहद्दीवरची अनेक कुटुंबं नगर-सोलापूरकडे आसऱ्याला गेली. भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’ने १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं आणि सीनेची सीमा राज्याची सीमा म्हणून पुसली गेली. पण त्याच वर्षी दुसरी एक सीमा पक्की होत होती. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायला परमिट लागू झालं आणि ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसाची पद्धत आली. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जो हिंसाचार झाला, त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने झळ पोचलेल्या जिल्ह्यांत बीडचंही नाव घेतलं आहे. घाबरून आणि घर सोडून निघालेल्या माणसांसाठी परमिट हे नुसतं प्रवासाचं कागदपत्र राहिलं नाही. कोण भारताचा आणि कोण नाही, याचा निवाडाच त्यावर होऊ लागला. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने सांगितलं की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला, तो पुनर्वसनाच्या परमिटवर परतला नसेल तर नागरिक नाही.

या अनुच्छेदाचा पत्नींवर काय परिणाम झाला, ते बिहारच्या एका खटल्यातून उमगतं. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या या प्रकरणात नवरा भारतातच राहिला होता आणि बायको जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली होती. डिसेंबरमध्ये ती तात्पुरत्या परमिटवर आली, मग पुन्हा गेली. तिच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की पत्नीचं अधिवासस्थान नवऱ्याचंच असतं, नवरा भारतीय आहे, म्हणून तीही भारतीय. न्यायालयाने तो अमान्य केला. अनुच्छेद सात सगळ्यांवर मात करतो आणि तिने स्थलांतर केलं हे तिचं स्वतःचं कृत्य आहे, असा निकाल लागला. कित्येक दशकं कायदा सांगत आला होता की बायको म्हणजे नवऱ्याची सावली. तिला परतीची वाट हवी होती नेमक्या त्या क्षणी कायद्याने तिला स्वतंत्र व्यक्ती मानलं. याचा अर्थ स्वातंत्र्य वाईट असा नाही. तिला स्वतंत्र मानायचं की अवलंबून, हे तिच्या सोयीने कधीच ठरलं नाही, हा त्याचा अर्थ आहे.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही जुनी चौकट टिकली. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या स्त्रीला नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय त्यात होती, भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री’च्या जागी ‘व्यक्ती’ आली आणि वास्तव्याची पाच वर्षांची अट लागली. पुढे २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळायला डिसेंबर १९९२ उजाडावा लागला, तोवर फक्त बापाचं नातं चालत होतं. ब्रिटनचा इतिहासही हेच सांगतो. भारतीय पुरुषाची बायको तिथे जाऊ शकत होती, पण तिथे राहणाऱ्या स्त्रीच्या नवऱ्याचा प्रवेश १९६९ मध्ये जवळजवळ बंद केला गेला, कारण तिच्याकडे घराची कर्ती म्हणून पाहिलंच जात नव्हतं. १९८५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, तेव्हा ब्रिटनने पुरुषांची अट सैल करण्याऐवजी बायकांवरची अट तितकीच कडक केली. त्याआधी १९७९ मध्ये, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्य तपासणी झाल्याचं उघडकीला आलं होतं. ‘खरी वधू’ ओळखण्याच्या नावाखाली एखादं राज्य कुठवर घसरू शकतं, याचा हा पुरावा विसरता येण्याजोगा नाही.

आता बीडकडे परत येऊ, कारण हा जिल्हा जोडप्याच्या स्थलांतराची आणखी एक रीत जगतो आहे आणि तिला पासपोर्ट लागत नाही. १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि १९७२ च्या दुष्काळाने बीडच्या कोरडवाहू गावांना त्या रांगेशी कायमचं बांधून टाकलं. दसरा-दिवाळीनंतर आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीच्या वस्त्या रिकाम्या होतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घरी फक्त म्हातारी माणसं उरतात. काही टोळ्या कर्नाटकात जातात. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एकटा माणूस अर्धा कोयता. पहाटे अंधारात फडावर पोचायचं, नवऱ्याने ऊस तोडायचा, बायकोने पाचट साळून मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, परत कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येऊन पाणी-सरपण-भाकरी बघायची. कामाचा निम्म्याहून जास्त भार तिचा, पण उचलीच्या व्यवहारावर अंगठा किंवा सही बहुधा नवऱ्याची. तिचे कष्ट हिशेबात आहेत, तिचं नाव नाही.

इथे कोणी म्हणेल, कोयत्याची पद्धत निदान जोडप्याला एकत्र ठेवते. आखातात किंवा मुंबईला एकटे पुरुष जातात, बायका वर्षानुवर्षं वाट पाहतात, त्यापेक्षा हे बरं नव्हे का? एकत्र राहण्याचं मोल मी कमी लेखत नाही, उलट सगळा प्रश्नच त्याच्यासाठी आहे. पण हे एकत्र राहणं कोणाच्या गरजेने ठरतं ते पाहावं. मुकादमाला जोडी हवी असते म्हणून लग्नाला घाई होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के होतं. सगळा दोष ऊसतोडीवर टाकता येणार नाही, हुंडा, असुरक्षितता आणि शाळा सुटणं हीही कारणं आहेत. तरी हंगामाच्या तोंडावर लग्न उरकलं की घरात पुरा कोयता तयार होतो, हे गणित गावोगाव सगळ्यांना पाठ आहे. खाडा पडला की दंड कापला जातो, म्हणून पाळी आणि गरोदरपणसुद्धा अडथळा वाटू लागतो. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एकत्र राहण्याची ही किंमत तिच्या शरीराने भरली आहे. तेव्हा जोडपं एकत्र आहे एवढ्यावर समाधान मानणं मला मान्य नाही. त्या जोडीत तिला स्वतःचं स्थान आहे का, हाच खरा निकष.

याच निकषावर आजचा जोडीदार-व्हिसा तपासू. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, कमावता येत नाही. मे २०१५ पासून ज्यांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापुढे गेली आहे, त्यांच्याच जोडीदारांना कामाची परवानगी मागता येते. लग्न मोडलं की व्हिसाचा आधारही जातो. कोयत्यात बाईचं काम धरतात पण नाव धरत नाहीत. एच-४ मध्ये नाव असतं, काम नसतं. दोन्हीकडे तिचं राहणं दुसऱ्याच्या कराराला टांगलेलं. जर्मनीने ऑगस्ट २००७ पासून येणाऱ्या जोडीदाराला प्राथमिक जर्मनची परीक्षा लावली. ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर असलेल्यांच्या जोडीदारांना सूट आहे, म्हणजे तिथेही जोडीदाराच्या नोकरीवरून दुसऱ्याची पात्रता ठरते. बीडच्या मुलीला त्या परीक्षेसाठी पुणं गाठावं लागतं. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न एप्रिल २०२४ पासून किमान २९,००० पौंड लागतं. उलट बाजूने, परदेशी जोडीदार बीडला राहायला आला तर त्याला दीर्घ मुक्कामाचा प्रवेश व्हिसा, पोलीस अधीक्षक कार्यालयात परकीय नागरिक म्हणून नोंद, आणि नोंदणीकृत लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा अर्ज अशा पायऱ्या आहेत. आपला कायदा आता स्त्री-पुरुष असा भेद करत नाही, ही चांगली सुधारणा आहे. पण प्रत्येक पायरीवर एक कागद मागितला जातो, विवाह नोंदणीचा दाखला, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच घोडं अडतं.

सरकारं म्हणतात, खोट्या लग्नांना आळा घालायचा तर तपासणी हवीच. मुद्दा बरोबर आहे. व्हिसासाठी लग्नाचं सोंग आणणारे असतात आणि परदेशी स्थळाच्या नावाखाली मुलींना फसवणारेही असतात. दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीची झळ तर आपल्याच लेकींना बसते. पण तपासणी लग्न खरं आहे का, एवढ्यापुरती असावी. पगार किती, भाषा किती येते आणि कोणाच्या व्हिसावर कोण अवलंबून, यांचा लग्नाच्या खरेपणाशी काहीच संबंध नाही. खोटं लग्न रोखायचं तर खऱ्या लग्नाची वेळेवर नोंद होणं आणि दोघांचं वय, ओळख, पहिल्या लग्नाचा इतिहास त्या नोंदीत असणं, हा सर्वांत स्वस्त उपाय. राहण्याचा परवाना जोडीदाराच्या नावाने पण स्वतंत्र, कामाच्या मुभेसह आणि लग्न मोडल्यास काही काळ टिकणारा असला, तर फसवणाऱ्याच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार निकामी होतं. परक्या देशात ‘तुला परत पाठवीन’ ही धमकी चालते ती व्हिसा त्याच्या नावावर असतो म्हणून.

शेवटचा आक्षेप असा की बीडमधून परदेशी नांदायला जाणाऱ्या किती? पाणी, शाळा, दवाखाने सोडून याचा विचार कशाला? संख्या थोडी असेल, पण प्रश्न त्यांच्यापुरता नाही. मुल्की बायको, परमिटवाली बायको, कोयत्यातली बायको आणि एच-४ वरची बायको यांना सांधणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे स्वतःच्या नावाच्या कागदाचा अभाव. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक लग्नाची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणी कायदा आधीपासून आहे आणि गावात हे काम ग्रामसेवकाकडे आहे. अलीकडे ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली आहे. म्हणजे दोन्ही दाखले एकाच टेबलावर मिळू शकतात. लग्न वेळेत नोंदवा, आणि अठराच्या आतलं असेल तर ते होऊच देऊ नका. उचलीच्या करारावर दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्र तिच्या नावाने वेगळं काढा, पासपोर्ट काढायचा तर लग्न ठरण्याआधी तिच्या माहेरीच काढा. फडावर जाणारी असो की फ्रँकफर्टला, बीडची मुलगी घरातून निघेल तेव्हा तिच्या पिशवीत तिच्या स्वतःच्या नावाचा कागद असलाच पाहिजे. त्यासाठी दिल्लीच्या किंवा वॉशिंग्टनच्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करता येते.